ओलाव्याचा काटा

१

करंडा गेल्याचं पहिल्यांदा पाहिलं ठमीनं, आणि चोर म्हणून पहिलं नाव घेतलं गेलं तेही ठमीचंच.

सकाळी संग्रहालयाचं मोठं दालन उघडून ती आत आली, मंद दिवे लावले आणि मधल्या काचपेटीसमोर जागच्या जागी थांबली. पेटीला कुलूप होतं. काच शाबूत होती. आत निळ्या मखमलीचा पाट होता, पाटावर माहितीची छोटी पाटी पालथी पडली होती, आणि जिथे करंडा असायला हवा तिथे काहीही नव्हतं. ठमीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आधी संचालकांना फोन केला आणि मग आत्याला. उलट केलं असतं तर सकाळ जरा बरी गेली असती.

आत्या म्हणजे ठमीच्या वडिलांची थोरली बहीण. विमा कंपनीत चोरीचे दावे तपासण्यात तिची उभी नोकरी गेली. लोक आपल्याच घरातले दागिने आपणच दडवून भरपाई मागायचे, आणि ते पिठाच्या डब्यातून नाहीतर सासूच्या उशीतून बाहेर काढणं हे आत्याचं काम. आता ती निवृत्त होती, गुडघे कुरकुरायचे, पण समोरचा माणूस "मी अगदी खरं सांगतो" म्हणाला की तिची डावी भुवई अजूनही आपोआप वर जायची. ठमी हे काही भाचीचं खरं नाव नव्हे. पण ते आत्यानं ठेवलं होतं, आणि आत्यानं ठेवलेलं नाव बदलायची घरात कुणाची छाती नव्हती.

आत्या पोचली तेव्हा ठमी दालनाबाहेरच्या बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. रडायला लागण्याच्या एक पायरी आधी माणूस जसा ताठ बसतो, तशी बसली होती.

"आत्या, मी घेतला नाही गं."

"मी विचारलं का? चल, दाखव."

दारातच संचालक उभे होते. हे गृहस्थ रागावले की आवाज चढवायचे नाहीत, उलट उतरवायचे. आणि आता ते जवळजवळ कुजबुजत होते.

"तुम्ही हिच्या आत्या. या. पोलिसांना अजून कळवलेलं नाही, ते हिच्यावर उपकार म्हणून नव्हे. दुपारी राजदूत येणार आहेत आणि दारात पोलिसांची गाडी मला नकोय. त्यांच्या वडिलांनी तो करंडा बोटीतून मांडीवर धरून या देशात आणला होता. एवढ्या मोठ्या प्रदर्शनात म्हातारेबुवांना बाकी काहीच बघायचं नाहीये. तेवढाच बघायचाय."

"आणि तोवर नाही मिळाला तर?"

"तर मी फोन उचलेन. पेटीला दोन किल्ल्या. माझी तिजोरीत आहे, आणि ती तिजोरी मी आणि रोखपाल दोघं असल्याशिवाय उघडत नाही. दुसरी हिच्या गळ्यात. काचेचं दार उघडलं की घंटा होते, आणि घंटा बंद करायची कळ हिच्या खोलीत. पोलीस मला विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही."

ठमीनं नकळत गळ्यातल्या किल्लीला हात लावला. तिची नोकरी, तिचं नाव, पाच वर्षं खपून उभं केलेलं हे प्रदर्शन, सगळं त्या किल्लीला लटकलं होतं.

२

प्रदर्शन भेटींचं होतं. आशियातल्या राजांनी, मंत्र्यांनी, शिष्टमंडळांनी या देशाला वेळोवेळी दिलेल्या वस्तू. चांदीचे हत्ती, रेशमी पडदे, चिनी मातीच्या बरण्या, शिवाय माणसाच्या उंचीची एक घंटा, जिचं काय करावं हे ती आली त्या दिवसापासून कुणाला कळलं नव्हतं. या सगळ्यांत करंडा सर्वांत लहान. लाकडावर झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवून काळाभोर केलेला, आणि झाकणापासून बुडापर्यंत शिंपल्याचे उडते करकोचे बसवलेला. फोटोतसुद्धा त्याच्यावरून नजर हलत नव्हती.

आत्या पेटीभोवती फिरली. तिनं कशालाही हात लावला नाही. पेटीचा वरचा भाग काचेचा, खालचा लाकडी चौथऱ्याचा. चौथऱ्याला मागच्या बाजूनं एक रुंद खण होता, त्याला स्वतःचं छोटं कुलूप. काचेच्या आत, पाटाच्या कोपऱ्यात, घड्याळाएवढी एक तबकडी होती. तिच्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात उभा होता. आणि पाटाची मखमल सगळीकडून ताणून बसवलेली असताना मागचा एक कोपरा मात्र फटीत खाली ओढला गेला होता, जसा घाईत बंद केलेल्या कपाटात साडीचा पदर अडकावा.

"नीट दिसत नाहीये," संचालक म्हणाले. "अहो दिवेवाले, मोठे दिवे लावा."

शिडीपाशी उभ्या असलेल्या दिवेवाल्यानं बटणाकडे हात नेला.

"मोठे नकोत," मागून एक बाई शांतपणे म्हणाली. "पेटी तापेल."

दिवेवाल्यानं हात मागे घेतला. संचालकही गप्प झाले. ही बाई बोलली की इथे सगळेच ऐकत असावेत. पांढरे आखूड केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, एप्रनवर डाग. ठमीनं ओळख करून दिली.

"आत्या, या आमच्या डॉक्टरबाई. माणसांच्या नव्हे, वस्तूंच्या. मोडलेलं, उकललेलं, कसर लागलेलं सगळं ह्या नीट करतात. मला सगळं काम ह्यांनीच शिकवलं. आठवडाभर रजेवर होत्या, बहिणीचं ऑपरेशन होतं."

"आज सकाळीच रुजू झाले," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ठमीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

आत्या पहारेकऱ्याकडे वळली. हा पहारेकरी देहानं आडवा, मिशा पिळलेल्या, आणि आज त्या मिशाही उतरल्या होत्या.

"काल बंद झाल्यावर कोण आलं?"

"बाहेरचं कुणी नाही, बाई. पाखरूसुद्धा नाही. घंटाही वाजली नाही." तो घुटमळला. मग दिवेवाल्याकडे न बघता म्हणाला, "बाहेर मात्र एक जण काहीतरी घेऊन गेला. काळ्या फडक्यात गुंडाळलेलं. करंड्याएवढंच होतं."

दिवेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

३

"तो पुठ्ठा होता हो," दिवेवाला म्हणाला. आत्यानं त्याला शेजारच्या सामानाच्या खोलीत नेलं होतं आणि खुर्चीवर बसवून स्वतः उभी राहिली होती. उभ्या माणसासमोर बसलेला माणूस लवकर बोलतो, हा तिचा अनुभव.

"कसला पुठ्ठा?"

"नमुना. खरी वस्तू दिव्याखाली तासन्‌तास ठेवून प्रयोग करता येत नाहीत ना. मग त्याच मापाची पुठ्ठ्याची वस्तू करायची, काळा रंग द्यायचा, आणि दिवे कुठून मारायचे ते तिच्यावर ठरवायचं. काम झालं, म्हणून घरी नेला. माझी मुलगी त्यात बाहुलीचे कपडे ठेवणारे. मागवून घ्या हवा तर."

त्यानं घरी फोन लावला, बायकोनं फोटो पाठवला. खरंच पुठ्ठा होता, आणि बाहुलीचे कपडे आधीच आत पोचले होते. आत्याला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

"पेटीजवळ सगळ्यात जास्त तुम्हीच वावरला. काही वेगळं दिसलं?"

"तसं काही नाही. काटा काल दुपारी पार खाली लोळत होता. म्हटलं बिघडला असेल. आज बरोबर आहे, म्हणजे आपोआप सुधारला."

आत्याची भुवई वर गेली. "कसला काटा आहे तो?"

"आतल्या ओलाव्याचा. ते डॉक्टरबाईंचं खातं, मला त्यातलं कळत नाही. मला दिवे आणि पाट एवढंच माहीत. पाट खालीवर होतो. करंड्यावर सावली पडत होती, म्हणून मी तो दोन बोटं खाली घेतला, बाई रजेवर जायच्या आधी."

"काच न उघडता?"

"खालून. मागचा खण बाहेर काढला की वरती चार खिट्ट्या लागतात हाताला. त्या सैल केल्या की पाट खाली उतरतो. खणाची किल्ली बाईंकडे, त्यांनीच उघडून दिलं." तो एकदम थांबला. "मी अगदी खरं सांगतो."

या वेळी भुवई हलली नाही. आत्या बाहेर आली तर संचालक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते.

"राजदूतांच्या कार्यालयातून फोन आला. ते ठरल्यापेक्षा लवकर निघताहेत," ते कुजबुजले.

४

ठमीची खोली म्हणजे कागदांचा उकिरडा. टेबलावर निमंत्रणं, पाट्यांचे मसुदे, अर्धवट खाल्लेलं बिस्किटाचं पाकीट, आणि या सगळ्याच्या मधोमध लांब चोचीची एक पत्र्याची झारी. झारीत झाडून सगळी पेनं खोचलेली.

"हे काय गं? झारीत पेनं?"

"कुणीतरी ठेवली इथे. पेनं सारखी हरवत होती, मग त्यातच खोचली." ठमीनं डोळे पुसले. "आत्या, मला अटक होईल का गं? आईला काय सांगू?"

"आईला काही सांगायचं नाही, ती घर डोक्यावर घेईल. मी विचारते तेवढं सांग. काल पेटी तूच बंद केलीस?"

"पेटी बंदच होती. करंडा डॉक्टरबाईंनी रजेवर जायच्या आधी ठेवला, तेव्हापासून काच उघडलीच नाही. काल मी फक्त लांबून पाहिलं, होता तो. मग दालन बंद केलं आणि घरी आले. आठवडाभर मी धड जेवलेसुद्धा नाहीये. पाट्यांत चुका, निमंत्रणांत चुका, रोज संचालकांची बोलणी."

"आत ओलावा कसा राहतो?"

"खालच्या खणात पाण्याचं ताट असतं. त्यात पाणी पिणारे मणी असतात, ते हळूहळू ओल सोडतात. दर दोन-तीन दिवसांनी पाणी घालावं लागतं."

"कोण घालतं?"

"डॉक्टरबाई. त्यांचंच काम ते."

ठमी हे अगदी सहज म्हणाली. आत्या तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग झारीकडे, आणि उठली.

डॉक्टरबाईंची खोली जिन्याखाली होती. आत शेगडीसारखा हीटर लागलेला, कारण त्यांच्या हाताशी एक ओला झालेला गालिचा वाळत पडला होता. खोलीतली हवा इतकी कोरडी की आत्याच्या घशाला लगेच कोरड पडली.

"करंडा कोरड्या हवेत ठेवला तर काय होतं?" आत्यानं विचारलं.

"आतलं लाकूड आक्रसतं. वरचे थर आक्रसत नाहीत. मग तडा जातो, शिंपले सुटतात. एकदा तडा धावायला लागला की थांबवणं कठीण. पुन्हा ओलसर हवेत ठेवायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात असतं. हलवायचासुद्धा नाही." बोलताना त्यांचा आवाज मऊ झाला होता, जसा आजारी मुलाबद्दल बोलताना होतो.

"खणाला घंटा नाही?"

"पाणी घालायला सारखा उघडावा लागतो. घंटा लावली असती तर सगळ्यांना वेड लागलं असतं."

"किल्ली तुमच्याकडेच. रजेवर जाताना बरोबर नेलीत?"

डॉक्टरबाईंनी गालिच्याची एक दशी सरळ केली. "खुंटीला असते. इथल्यांना माहीत आहे."

"चोर कोण असेल, काय वाटतं?"

"ते मला कसं कळणार? पण ठमीनं घेतला नाही, एवढं मी कुठेही सांगेन."

आत्या दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "तुम्ही मला एक गोष्ट विचारली नाहीत."

"कोणती?"

आत्या बाहेर आली आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. करंडा कुठे आहे हे तिला कळलं होतं. कुणी घेतला, तेही कळलं होतं. पण त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट हाताला लागली होती, आणि ती मात्र तिला नको होती. ठमी दुडूदुडू चालायला लागली तेव्हा पहिल्यांदा आत्याचंच बोट धरून चालली होती.

वरून पहारेकऱ्याचा आवाज आला. "बाई, लवकर या. साहेबांनी फोन उचललाय."

५

"ठेवा तो फोन," आत्या दालनात शिरत म्हणाली. तिला धाप लागली होती. "आणि सगळ्यांना इथे बोलवा."

संचालकांनी फोन ठेवला नाही, पण कानापासून लांब धरला. ठमी आली, डॉक्टरबाई आल्या, दिवेवाला शिडीच्या आधारानं उभा राहिला. आत्यानं आधी पहारेकऱ्याला गाठलं.

"काल बंद झाल्यावर बाहेरचं कुणी आलं नाही म्हणालात. आणि आतलं?"

पहारेकरी गोंधळला. "आतल्यांना कोण मोजतं, बाई? आपलीच माणसं."

"बरोबर. आपलीच माणसं. आता हा काटा बघा." आत्यानं काचेवर बोट टेकवलं. "चोरानं काचेचं दार उघडलं असतं तर या दालनातली कोरडी हवा आत घुसली असती आणि काटा खाली पडला असता. पडलाय का? नाही. हिरव्या पट्ट्यात ताठ उभा आहे. म्हणजे काच उघडलीच नाही. घंटाही म्हणूनच वाजली नाही. मग काचेची किल्ली कुणाच्या गळ्यात होती याला काही अर्थ उरत नाही, साहेब."

ठमीनं श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"काच न उघडता करंडा गेला कसा?" संचालकांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच नेहमीच्या पट्टीत आला होता.

"खालून. खण काढायचा, चार खिट्ट्या सैल करायच्या, पाट करंड्यासकट खाली उतरवायचा, करंडा उचलून घ्यायचा, पाट परत वर. या हिसक्यात पाटी पालथी पडली आणि मखमलीचा कोपरा फटीत अडकला. हात वरून घातला असता तर कोपरा खाली कशाला ओढला गेला असता?"

सगळ्यांच्या माना दिवेवाल्याकडे वळल्या. तो शिडीला घट्ट धरून म्हणाला, "माझ्याकडे काय बघता?"

"त्यांच्याकडे बघू नका. काटा काल दुपारी पार खाली होता, असं ह्यांनीच मला सांगितलं. आज वर आहे. म्हणजे चोरी झाल्यावर ओलावा वाढला. चोरानं जाता जाता ताटात पाणी घातलं. मी जन्मभर चोर पाहिले, पण ज्या घरात चोरी केली तिथल्या कुंड्यांना पाणी घालून जाणारा एकही पाहिला नाही." आत्या थांबली. पुढचं तिला जड जात होतं. "रिकाम्या पेटीला पाणी लागत नाही. आणि रिकामी पेटी मोठ्या दिव्यांनी तापली तर कुणाचं काय बिघडतं? पण सकाळी एका माणसाला त्याची काळजी वाटली. त्याच माणसानं, जो या करंड्याला फुलासारखं जपतो, एकदाही मला विचारलं नाही की अहो, चोरानं तो कुठे कोरड्यात तर नसेल ना ठेवला. कारण तो कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. पेटी रिकामी नव्हतीच. करंडा इथून हललेला नाही."

डॉक्टरबाईंनी एप्रनच्या खिशात हात घातला, छोटी किल्ली काढली, गुडघ्यांवर बसून खण उघडला आणि अगदी सावकाश बाहेर ओढला. आत पाण्यानं टम्म फुगलेल्या मण्यांचं ताट होतं. ताटाशेजारी, मऊ फोमच्या गादीवर, काळाभोर करंडा बसला होता.

त्याच्या मागच्या बाजूला, उडत्या करकोच्याच्या मानेतून, केसाएवढा बारीक तडा खालपर्यंत गेला होता.

६

संचालक आता कुजबुजत नव्हते.

"तुम्ही? एवढी वर्षं इथे आहात तुम्ही. या मुलीला सकाळपासून चोर ठरवलं मी, आणि तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत?"

"काल संध्याकाळी गावाहून आले ती सरळ इथेच आले," डॉक्टरबाई खालीच बसून म्हणाल्या. "मागून बॅटरी मारली तर तडा. ताट ठणठणीत कोरडं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तडा मागेच आहे, राहू दे, दिवे लावा. त्या दिव्यांत तो तडा पुढच्या बाजूला आला असता. म्हणून खाली घेतला आणि पाणी घातलं. सकाळी लवकर येऊन आधी हिला गाठायचं, मग तुम्हाला सांगायचं, असं ठरवलं होतं. ही माझ्याही आधी आली. मी पोचेपर्यंत चोरीचा बोभाटा झाला होता."

"मग तेव्हा बोलायचं."

डॉक्टरबाईंनी खणाच्या कडेला सांडलेलं पाणी एप्रननं टिपलं.

"ताट कोरडं का होतं?" संचालकांनी विचारलं. "पाणी घालायचं काम कुणाचं?"

"माझं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रजेच्या गडबडीत विसरले. लेखी देते हवं तर."

ही थाप होती. आठवडाभर रजेवर जाणारी अशी बाई पाण्याची सोय लावल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकेल, हे आत्याच्या मनाला मुळीच पटत नव्हतं. सोय लावली होती. झारी एकीच्या टेबलावर नेऊन ठेवली होती, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. आत्याला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ती काहीच बोलली नाही. ठमीकडे मात्र तिनं पाहिलं. भुवई वर गेली नव्हती. ती नुसती बघत होती, आणि आतून तिचा जीव टांगणीला लागला होता.

ठमी तड्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा रंग हळूहळू उतरला. नुकती कुठे तिची मान सुटली होती. आता गप्प राहिली असती तर कुणी तिला काही विचारलं नसतं.

"झारी," ती म्हणाली.

"काय?" संचालक म्हणाले.

"बाईंनी मला सांगितलं होतं. जायच्या आदल्या दिवशी. पाणी घालत जा पोरी, किल्ली खुंटीला आहे म्हणाल्या. मी हो म्हटलं. फोनवर बोलत होते तेव्हा मी. झारी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, आणि मी तिच्यात पेनं खोचली." तिचा आवाज चिरकला. "बाई विसरल्या नाहीत. मी विसरले. तडा माझ्यामुळे गेलाय."

"गप्प बस गं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "माझी दोन महिन्यांत निवृत्तीच आहे. माझं काय बिघडणार होतं?"

"तुमचं नाव बिघडलं असतं," ठमी म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

संचालकांनी दोघींकडे पाहिलं. मग त्यांनी हातातला फोन खिशात टाकला. "उद्या सकाळी माझ्या खोलीत या. दोघीही. चौकशी होईल, मी सोडणार नाही. आता आधी सांगा, राजदूतांना काय दाखवू?"

"करंडाच दाखवा," डॉक्टरबाई उठत म्हणाल्या. "पाटावरच वर चढवते. पण दिवे मंदच राहतील."

"आणि तडा मागेच राहील," संचालक म्हणाले.

"राहू दे मागे," ठमी नाक पुसत म्हणाली. "मी त्यांना सांगेन."

७

राजदूत काठी टेकत आले. वयानं वाकलेले, बारीक चणीचे. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि ते बाकी सगळं ओलांडून मधल्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. ठमी पुढे झाली. आत्या खांबाशी उभी होती, तिला शब्द ऐकू येत नव्हते. पण ठमीनं त्यांना मागच्या बाजूला नेलेलं तिला दिसलं, खाली वाकून दाखवलेलं दिसलं, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवलेला दिसला. म्हातारा खूप वेळ वाकून बघत राहिला. संचालक रुमालानं कपाळ टिपत होते. मग म्हातारा काहीतरी बोलला, आणि ठमीनं मान हलवली.

सगळे पांगल्यावर दोघी ठमीच्या खोलीत बसल्या. बाहेर खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते.

"काय म्हणाले गं ते?"

"म्हणाले, वडील बोटीत रोज करंड्याभोवती ओला टॉवेल गुंडाळायचे आणि सगळे त्यांना हसायचे. मग विचारलं, आता पाणी कोण घालतं?"

"तू काय सांगितलंस?"

"मी घालते म्हटलं. नोकरीवर ठेवलं तर." ठमी टेबलाकडे बघत होती. "आत्या, तुला आधीच कळलं होतं ना? माझं?"

"काटा आपोआप सुधारला, असं दिवेवाला म्हणाला तेव्हा शंका आली. तू पाणी घालणं डॉक्टरबाईंचं काम म्हणालीस, तेव्हा खात्री झाली. तुझ्यासमोरच झारी होती."

"मग तिथे सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का, ते बघायचं होतं."

"आणि नसते बोलले तर?"

आत्यानं चष्मा काढून पदराला पुसला. "तर मी बोलले असते. त्या बाईवर बालंट राहू दिलं नसतं. पण मग तुझ्याकडे यायला मला फार जड गेलं असतं, ठमे. आज जिन्यात उभी होते तेव्हा तेवढीच एक भीती वाटत होती मला."

ठमीनं झारी जवळ ओढली, एकेक करून सगळी पेनं बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. तळाशी एक खोडरबर आणि बिस्किटाचा चुरा होता. तो तिनं झटकला आणि झारी घेऊन ती नळाकडे गेली.